सदरच्या बंगल्यातली आपली ऐरण

भाऊ, वहिनी अन् ओट्यावर बसून हे पत्र ऐकणारे सगळे,

मी ऐरण भंगारात विकली म्हणून बाबा माह्या एकाही पत्राले उत्तर देत नाही, हे अजून किती दिवस चालणार गा? दोन दसरे झाले. चुकलो म्हणून पन्नासदा लिहिलं.

पण आजची गोष्ट ऐका. दुपारी दुकानातलं कपाट पोचवायले शहरातल्या सदर भागात एका म्हाताऱ्या साहेबाच्या बंगल्यावर गेलो. त्याईले जुन्या ऐरणी जमवायचा शौक आहे. व्हरांड्यात ओळीनं सात ऐरणी, अन् प्रत्येकीवर फुलाची कुंडी! तिसरीच्या कोपऱ्याले खाच दिसली. लहानपणी मीच छिन्नी मारून पाडलेली. तेव्हा बाबानं माहा कान लाल केला होता.

मी कुंडी उतरवली, दुपट्ट्यानं ऐरण पुसली अन् पाया पडलो.

"काय चाललंय रे?" साहेब ओरडले.

"साहेब, ही माह्या बाबाची आहे. आम्ही लोहार, आमच्यात दसऱ्याले हिची पूजा होते."

मग बाकीच्या सहाही कुंड्या साहेबांनी स्वतः खाली ठेवल्या. म्हणाले, "विकणार नाही मी. पण दसऱ्याला वडिलांना घेऊन ये. पूजा त्यांच्याच हातची होऊ दे."

बाबाले सांगा, ती वितळली नाही. माह्यासाठी नाही, तर तिच्यासाठी तरी येतील ना? तुमच्यापैकी कोण मनवते त्याईले?

एसटीचं जाण्यायेण्याचं भाडं अन् एक नारळ धरून मनिऑर्डर करून राहिलो, पंचवीस रुपये.