दोन सायकली मावतील इतका रस्ता

भरल्या रस्त्यावर नुसती भांडणं होतात. किस्से होतात ते रिकाम्या रस्त्यावर. हे माझं मत आहे आणि मी ते कोणालाही ऐकवते. दर रविवारी उजाडता उजाडता आम्ही चौघं सायकली काढून ग्वाल्हेरच्या बाहेर पडतो, आणि परतताना पायात गोळे अन् तोंडात एखादा नवा किस्सा असतोच. इतके साठलेत की घरचे आता ऐकून घेत नाहीत. म्हणून तुम्ही ऐका.

चौघं म्हणजे कोण? एक मी, मंजू. थाटीपूरला राहते, शाळेत गणित शिकवते, आणि माझा आवाज वर्गाबाहेरही तेवढाच असतो. दुसरे अवधूत भागवत, सराफ्याजवळ चष्म्यांचं दुकान आहे त्यांचं. यांचे पूर्वज दरबारात मुहूर्त सांगायचे, हे नंबर सांगतात. तिसरी नेहा, आमच्यात सगळ्यात लहान, जी मराठीत सुरू केलेलं वाक्य हिंदीत संपवते. आणि चौथे जाधवदादा. सत्तरी ओलांडलेली, वीजखात्यातून रिटायर, वहिनी गेल्यापासून मुरारच्या घरी एकटे. मुलगा समीर पुण्याला. "बाबा, एकटं राहणं पुरे झालं, आता इकडे या," हा त्याचा हट्ट. दादांना जायचं नाहीये. आणि आम्हाला त्यांना जाऊ द्यायचं नाहीये, हे मी आधीच सांगून टाकते.

रस्ता निवडायची आमची एकच परीक्षा. दोन सायकली शेजारी-शेजारी चालवून, आवाज न चढवता गप्पा मारता आल्या पाहिजेत. मध्ये ट्रक घुसला, गप्पा तुटल्या, की रस्ता नापास. हायवेला तर आम्ही परीक्षेला बसूच देत नाही.

* * *

एकदा नेहानं मोबाइलवर रस्ता शोधला. "मावशी, एकदम मस्त आहे, बिल्कुल सुनसान!" आम्ही निघालो. रस्ता आधी डांबरी होता, मग खडीचा झाला, मग मातीचा. शेवटी आम्ही एका घराच्या अंगणात पोचलो. समोर म्हैस, बाजूला न्हाणीघर, आणि मधोमध खाटेवर एक आजोबा दातण करत बसलेले.

भागवत हात जोडून म्हणाले, "माफ कीजिए बाबूजी, मोबाइल में तो सड़क यहीं दिखा रहा था।"

आजोबा जागचे हलले नाहीत. "सड़क तो यहीं है। चाय के बाद चालू होगी।"

चहा झाला. मग त्यांच्या सुनेनं म्हैस बाजूला बांधली, मागचं फाटक उघडलं, आणि खरोखरच पलीकडे रस्ता होता!

* * *

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला एक खोड असते. चारचौघांत कोणाबद्दल काही बोलायचं असलं की तो बिनधास्त मराठीत बोलतो. भाजीवाला जास्त लावतोय, पाहुणे उठत नाहीयेत, सगळं त्यांच्या तोंडावर. कोणाला कळतंय?

मुरारच्या पुढे एका गावात चहाची टपरी आहे. भागवतांनी पहिला घोट घेतला आणि चेहरा अगदी प्रसन्न ठेवून म्हणाले, "चहा आहे की भांडी विसळलेलं पाणी? आणि याच्या अंगातला स्वेटर बघा, कधी धुतलाय की नाही कोण जाणे."

टपरीवाले काका शांतपणे दूध ढवळत होते. आम्ही उठलो तसे म्हणाले, "पुढच्या रविवारी घट्ट करून ठेवतो. स्वेटरचं मात्र बायकोला विचारावं लागेल."

काकांनी उमेदीची वर्षं बिर्लानगरच्या गिरणीत काढलेली, आणि तिथे शेजार सगळा मराठी! भागवतांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. बिचाऱ्यांनी पश्चात्ताप म्हणून तिथेच आणखी एक चहा घेतला, आणि तो आधीच्यापेक्षा पातळ होता. परतीच्या वाटेवर दादा त्यांना म्हणाले, "अवधूत, तू आता संस्कृतात बोलत जा. तुझ्या घराण्याला शोभेलही."

* * *

दादांच्या घराण्यात सगळे शिपाईगडी. दख्खनेतून घोड्यावर आले आणि इथलेच झाले. एकदा भर शेतात दादांची सायकल पंक्चर झाली. नेहा भावुक होऊन म्हणाली, "दादा, सोचो ना, तुमचे पूर्वज याच रस्त्यानं घोडे दौडवत आए होंगे!"

दादा ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधत होते. मान वर न करता म्हणाले, "आले असतील. पण घोड्याला आपलं आपण घरी जाता येतं."

* * *

आता समीरचे फोन. तो रोज सकाळी बाबांना फोन करतो, आणि पोरगा गुणी आहे हो, मी उगाच नावं ठेवणार नाही. पण दादा लांब सायकल चालवतात हे त्याला कळलं की तो घाबरणार, म्हणून दादा दडपून खोटं बोलायचे.

"बाबा, कुठे आहात?"

"इथेच, घरामागच्या बागेत. चालतोय."

नेमका त्याच वेळी शेतातून मोर ओरडला. लगेच दुसरा. मग कोणाची तरी शेळी.

"बाबा, बागेत मोर आहेत?"

"ग्वाल्हेर आहे रे हे."

"आणि शेळी?"

दादांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही तोंडावर हात दाबून उभे. शेवटी म्हणाले, "ती मलाही आत्ताच दिसली."

त्या दिवशी आम्ही फार हसलो. पण समीर काही दुधखुळा नाही. त्यानं शेजाऱ्यांना फोन केला, सगळं काढून घेतलं, आणि पुढच्याच महिन्यात परतीची दोन तिकिटं काढून आला. एक त्याचं, एक दादांचं.

* * *

दादा भांडले नाहीत. म्हणाले, "आधी एक रविवार आमच्याबरोबर सायकलवर चल. मग तू म्हणशील तसं." समीरनं भागवतांची जुनी सायकल घेतली. जिमला जाणारा गडी, त्याला काय त्याचं!

आम्ही आमचा सगळ्यात लाडका रस्ता काढला. तिघऱ्याच्या धरणाच्या बाजूचा, कालव्याकाठचा. दोन्ही बाजूंना सरसों, म्हणजे आपली मोहरी, फुललेली, ऊन नुकतंच पडलेलं, मैलोगणती एक गाडी नाही. दोन सोडा, चार सायकली शेजारी-शेजारी चालल्या असत्या. मला वाटलं, हे पाहून दगडालाही पाझर फुटेल.

समीरनं सायकल थांबवली, चारी बाजूंना पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, इथे तर चिटपाखरू नाही. तुम्हाला काही झालं, तर कळणार कोणाला?"

ज्या शांततेला आम्ही पैकीच्या पैकी देत आलो, तीच आमच्या विरुद्ध उभी राहिली. आणि त्याचं चुकत तरी काय होतं?

तसेच पुढे निघालो. फर्लांगभर गेलो असू, तर "आई गं!" असा आवाज. समीर रस्त्याच्या कडेला बसलेला, दोन्ही पोटऱ्यांत पेटके, सायकल आडवी.

आम्ही उतरतोय तोवर सरसोंतून एक डोकं वर आलं. "का हो गओ?" मग आणखी दोन. बोअरच्या खोलीतून एक जण पाण्याचा लोटा घेऊन धावला. कोणी खाट आणली, कोणी तेलाची वाटी, आणि एका दणकट गड्यानं विचारपूस न करता पोटऱ्या चोळायला सुरुवात केली. एवढी माणसं त्या शेतांत होती, हे इतक्या रविवारांत आम्हालाही माहीत नव्हतं.

एका म्हातारीनं दादांना विचारलं, "साब, जे कौन है?"

"लड़का है मेरा। पूना में रहता है।"

सगळ्यांनी समीरकडे फार कळवळून पाहिलं. म्हातारी त्याच्या उशाशी बसली. "उते अकेलो रहत है?"

"नहीं, बहू है साथ में।"

"चलो, फिर ठीक है," म्हातारी म्हणाली, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

मग ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत पेंढा टाकून त्यावर समीरला निजवलं, शेजारी त्याची सायकल. दादा सायकलवर पुढे, त्यांच्या मागे ट्रॅक्टर, आणि ट्रॉलीमागे आम्ही तिघं. ट्रॅक्टर अगदी गोगलगायीसारखा चाललेला. मी ओरडले, "भैया, आगे निकाल लो ना!"

"कैसे निकालें, मैडम? साब के घर जाना है, रास्ता तो साब ही जानें।"

तेवढ्यात समीरचा फोन वाजला. इंजिनाचा एवढा आवाज, त्यानं स्पीकरवर टाकला. पुण्याहून बायको विचारत होती, "काय ठरलं? घेऊन येतोयस ना बाबांना?"

समीर कोपरावर रेलून उठला. पुढे ऊन अंगावर घेत, हँडलवर एक हात ठेवून, दादा आरामात पायडल मारत होते.

"नाही गं," तो म्हणाला, "तेच मला घेऊन चाललेत."