माहेरचा मका

माहेरून आलेलं धान्य परत करायचं नसतं, तोलायचंही नसतं. आमच्याकडे ही रीतच आहे, आणि त्या रीतीनंच माझा घात केला. दिवाळीला बाबा स्वतः ट्रॅक्टरवर बसून मक्याची पोती घेऊन आले. सासूनं शेजारणींना बोलावून दाखवलं, व्याह्यांनी केवढं आणलं ते. त्या गेल्यावर मी एक पोतं सोडलं, तर भसकन कुबट वास आला. कोणाला बोलले नाही. सगळा मका गच्चीवर चार दिवस उन्हात घातला, हातानं चोळला, वास गेला. वाटलं, झालं काम. अक्कल गहाण टाकली होती मी, दुसरं काय!

धामणगावच्या व्यापाऱ्याकडच्या मक्यात तो थोडाथोडा मिसळून, दळून आम्ही आमच्या पोल्ट्रीतल्या कोंबड्यांना घातला. महिनाभरात अंडी निम्म्यावर आली. जी मिळत त्यांचं कवच इतकं पातळ की उचलतानाच तडके. तुरे फिके पडले, पिसं विस्कटली, रोज सकाळी शेडमध्ये दोन-चार मेलेल्या. डॉक्टरांनी एक कापून दाखवली. कलेजी पिवळी, बोटानं दाबली तर चुरा. दाण्यात बुरशीचं विष आहे म्हणाले. उन्हानं वास जातो, विष जात नाही. माझ्या पायाखालची जमीनच सरकली.

नवऱ्यानं व्यापाऱ्याला धरलं. फोनवर त्याला वाट्टेल ते बोलला, त्याची उरलेली पोती परत पाठवली. तो बिचारा शपथा घेत होता आणि मी शेजारी तोंडाला कुलूप लावून उभी. लाज वाटत होती स्वतःची. आता घरात फक्त बाबांचाच मका उरला होता.

दुसऱ्या दिवशी शेडमागं जाऊन बाबांना फोन लावला. मका ओला होता का, एवढंच विचारलं.

"मले मालूम होतं, माय. पावसात सापडला होता तो. पण दिवाळीले लेकीच्या घरी रिकाम्या हातानं कसा येऊ? तुया सासूले सांगू नोको."

मी परत आले तोवर नवऱ्यानं दळणयंत्रात मका ओतला होता. बटण माझ्या बाजूला.

"दाब ना," तो म्हणाला. "काहून थांबली?"

मी दाबलं.