आता त्यांचं सांगा

कोणी तक्रार घेऊन आलं की तो आधी चष्मा काढायचा आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसायचा. समोरच्याचं सगळं बोलून झालं की चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवायचा आणि म्हणायचा, "तुमचं बरोबर हाय. आता त्यांचं सांगा."

'त्यांचं' म्हणजे ज्याच्याशी भांडण आहे त्याचं. माणूस भडकायचा. "त्याचं मी कशाला सांगू? त्याला तोंड नाय?" हा नुसता बसून राहायचा. शेवटी कंटाळून का होईना, माणूस सांगायला लागायचा. असा एखादा तुमच्याही पाहण्यात असेल. तो हुशार वगैरे वाटत नाही, चिवट वाटतो.

रोह्याच्या एका रसायनांच्या कंपनीत मी हजेरी कारकून होतो आणि तो रिअ‍ॅक्टरवर कामगार, वर युनियनचा प्रतिनिधी. त्याचं गाव पेणच्या खारेपाटात, खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, खाडीच्या अगदी तोंडाशी. सायकलने पेण स्टँडवर यायचा आणि तिथून आम्ही दोघे एकाच एस.टी.ने रोह्याला. बस सुटली की तो खिडकीच्या गजाला डोकं टेकून डोळे मिटायचा. झोप लागायची नाही, हे मला नंतर कळलं.

एका पावसाळ्यात कंपनीने नऊ जणांना नोटिसा काढल्या. सगळे खारेपाटातले, न सांगता दांड्या मारणारे. आणखी एक दांडी पडली की नोकरी जाणार होती. दांड्यांची यादी मीच करून दिली होती, त्यामुळे त्या दिवसांत बसमध्ये त्याच्या शेजारी बसायला मला नको वाटायचं. त्याने मात्र माझी जागा धरून ठेवायचं सोडलं नाही.

नोटिसांवरच्या बैठकीत त्याने मॅनेजरसाहेबांना तेच विचारलं. "साहेब, तुमचं बरोबर हाय. आता आमच्या मानसांचं सांगा."

"घरी काम होतं म्हणतील. दुसरं काय?"

"कसलं काम?"

साहेब नोटिसांची फाईल चाळू लागले. मग हा कामगारांकडे वळला. "आता तुम्ही साहेबांचं सांगा." अखेर डोंगराकडच्या गावातला एक उंच कामगार बोलला, "रिअ‍ॅक्टर तापला की मधी सोडता येत नाय. हे खारेपाटवाले आले नाय की आम्हाला डबल पाळी. साहेबांचं जाऊ द्या, आमचंच कोन सांगतो?"

याने माझं हजेरीबुक मागून घेतलं आणि शेजारी भिंतीवरचं कॅलेंडर काढून ठेवलं. दांड्या सगळ्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पडल्या होत्या. तीन वर्षं मी त्या माझ्या हाताने लाल शाईने लिहीत होतो, आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या दिवसांत खाडीला उधाण येतं आणि भर दुपारी पाणी बांधाला लागतं. गावाने बांध घराघराला तुकडे पाडून वाटून दिलेला, आपल्या तुकड्यावर आपण चिखल घेऊन उभं राहायचं. बांधाला खांड पडली आणि खारं पाणी शेतात शिरलं की दोन-तीन वर्षं त्या शेतात भात पिकत नाही.

पुढे चार बैठका झाल्या. चहा गार व्हायचा, बोलणं पुन्हा पहिल्या पायरीवर यायचं. मी इतिवृत्त लिहून थकलो, साहेब थकले. तोही थकला होता, पण उठत नव्हता. तिसऱ्या बैठकीत त्याने त्या उंच कामगाराला विचारलं, "तुला सुट्टी कदी लागते?"

"लावणीला. सलग चार दिवस. कोन देतो?"

खारेपाटात लावणी नसते, मोड आलेलं बी चिखलात फेकून पेरतात. म्हणजे डोंगराकडे लावणी चालते तेव्हा यांचे हात मोकळे. आणि उधाण आलं तर डोंगराला त्याचं काय? इतकी साधी गोष्ट, पण दोन्हीकडचे लोक एका पाळीत वर्षानुवर्षं राबत असून एकमेकांची शेती कोणी विचारली नव्हती. उधाणाला यांची सुट्टी, लावणीला त्यांची, आणि रिअ‍ॅक्टरवर माणूस कायम. नोटिसा मागे घेतल्या गेल्या. पाळ्यांचा तक्ता मी तिथी बघून करू लागलो. साहेब हसून म्हणाले, "आता कंपनीत पुरोहित नेमायचा राहिलाय." पण सही केली.

बसमध्ये मी त्याला म्हटलं, "जिंकलास." त्याने डोळे उघडले नाहीत. "एकाचं ऐकलं तर नुसता राग येतो, भाऊ. दोघांचं ऐकलं की अंगातलं बळच जातं."

दोन वर्षांनी, श्रावणातल्या पौर्णिमेला, त्याची सुट्टी होती. सकाळी त्या उंच कामगाराची बायको बाळंतपणात अडली. तो माणूस पाळी टाकून जाईना, कारण तक्ता मोडला तर सगळ्यांचाच मोडेल. याला निरोप गेला. हा आला, त्याच्या जागी उभा राहिला आणि त्याला घरी पाठवलं. त्याच दुपारी याच्या वाटणीच्या बांधाला खांड पडली. तिथे याची बायको एकटी होती. शेजारचे आपापले तुकडे सोडून धावेपर्यंत शेत गेलं.

तीन वर्षं त्याने तांदूळ विकत आणून खाल्ला. कंपनीत त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मलाही ही गोष्ट उंच कामगाराकडून कळली, तेव्हा मला याचा रागच आला. इतकं चांगलं असू नये माणसाने.

निवृत्तीनंतर वर्षभरातच तो गेला. मी त्याच्या घरी भेटायला गेलो तेव्हा त्याची बायको पडवीत बसली होती. त्याचा चष्मा खुंटीला दोरीने टांगलेला. मी काही बोलण्याआधी तीच बोलायला लागली.

"सगल्या जगाचं ऐकलं यांनी. माज्या पोटऱ्यांपरत पानी आलं होतं. एकटी चिखल टाकीत होते, टाकला का वाहून जात होता. सगल्या बांधावर पुरुष मानसं, आन माज्या तुकड्यावर मी. त्या दिवसाचं यांनी मला कदी विचारलं नाय, मीबी कदी बोलले नाय."

तिचं बरोबर होतं. मग ती पदराने तोंड पुसून म्हणाली, "आता त्यांचं सांगते."

मी मान खाली घातली.

"तिकडं बाई अडली होती. मी उभी होते. यांना वाटलं आसल, जी उभी हाय ती उभी राहील."

एवढं सांगून ती चहा टाकायला आत गेली.