दाराला टेकवलेला वरवंटा

काल नव्या ओव्हनमध्ये नानकटाई करपली आणि त्या जळक्या तुपाच्या वासानं मला थेट धाराशिवच्या आमच्या स्वयंपाकघरात नेलं.

तिथल्या ओव्हनच्या दाराचा खटका ढिला झाला होता. सगळी धग बाहेर जायची. म्हणून आई दाराला वरवंटा टेकवायची आणि बटण शेवटपर्यंत फिरवायची. एका रविवारी तामलवाडीहून मामा येणार, त्यांना आईच्या नानकटाईची भारी हौस, म्हणून अप्पांनी सकाळीच नवा खटका बसवला. दार घट्ट लागलं. आईनं मात्र सवयीनं बटण शेवटपर्यंत फिरवलं, वर वरवंटाही टेकवला! मामा दारात आले तेव्हा घरभर धूर.

"खटका बसवला अन् ओव्हनच बिघडला की! लई तापायलाय," अप्पा हिरमुसून म्हणाले.

"अवो, बिघडला न्हाय, नीट झालाय," आई धुरानं अन् हसून डोळ्यांत आलेलं पाणी पदरानं पुसत म्हणाली. "माझ्या हाताला कुठं ठावं हाय ते!"

मामांनी त्या काळ्या नानकटाया चहात बुडवून संपवल्या. मला तेव्हा अप्पांची कीव आली होती.

काल धूर ओसरल्यावर मी बटणाकडं बघितलं. ते शेवटपर्यंत फिरवलेलं होतं.