होडीघरातली बाई

उन्नी मेली तेव्हा तिच्या पायांत लोकरी मोज्यांचे दोन जोड होते आणि पाठीखाली रबरी चटई. चटई कॅमेऱ्यात दिसणार नव्हती. नोव्हेंबरातली सकाळ होती. फ्योर्डवरचं, डोंगरांमध्ये घुसलेल्या खाडीवरचं, धुकं होडीघराच्या फळ्यांमधून आत येत होतं आणि टीव्हीवरचा इन्स्पेक्टर विग्दाल तिच्यावर वाकून तिच्या मिटलेल्या पापण्या न्याहाळत होता. त्याच्या तोंडाला लसणाचा वास येत होता. उन्नी हलली नाही.

खरं तर हे काम ऑस्लोहून आलेल्या एका नटीचं होतं. पण थंडीनं तिची हनुवटी थांबेना. प्रेताची हनुवटी थरथरून कसं चालेल? शेवटी मालिकेच्या चित्रीकरणावर काम करणारी एक मुलगी ल्युंगविकच्या एकुलत्या एका दुकानात आली आणि न हलता पडून राहील असं गावात कोणी आहे का, असं विचारू लागली.

"उन्नीला न्या," दुकानवाली हाल्डिस म्हणाली. "एकतीस वर्षं फेरीबोटीच्या डेकवर उभं राहून तिकिटं फाडलीत तिनं. थंडी तिला बघून रस्ता बदलते."

होडीघरही उन्नीचंच होतं. तिच्या नवऱ्याने, ओस्मुंडने, स्वतःच्या हाताने बांधलेलं. मालिका ज्या कादंबऱ्यांवर होती त्या लिहिणारे मास्तर पलीकडच्या खोऱ्यातले, आता निवृत्त झालेले. त्यांनी आठ पुस्तकांत ल्युंगविकमध्ये तेवीस खून पाडले होते. गावाची वस्ती साडेचारशे. "असंच चाललं तर मतदानाला कोण उरणार?" असं हाल्डिस प्रत्येक नवं पुस्तक फडताळात लावताना म्हणायची. होडीघरात गोठून मेलेल्या बाईची कादंबरी त्यांतली पाचवी. कोणीतरी बाहेरून दाराचा अडसर टाकतं, बाई आत अडकते, आणि दोन दिवसांनी सापडते.

ही गोष्ट मास्तरांना कुठून सुचली ते गावाला माहीत होतं. १९८३ च्या मार्चमध्ये उन्नी त्याच होडीघरात पाच तासांहून जास्त वेळ कोंडली गेली होती. दाराबाहेर एका खिळ्यावर फिरणारा लाकडी अडसर होता. तो उभा ठेवायचा आणि लावताना आडवा पाडायचा. त्या दिवशी वाऱ्याने तो पडला. मास्तरांनी एवढंच केलं की वाऱ्याच्या जागी एक हात घातला. उन्नीने पुस्तक वाचलं, मिटलं आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलं. ओस्मुंडने ते कधी हातात घेतलं नाही.

ईस्टरच्या आठवड्यात मालिका लागणार होती. या देशात ईस्टर म्हणजे डोंगरातली झोपडी, बर्फावरचं ऊन, संत्री आणि खून. दुधाच्या खोक्यावरसुद्धा त्या दिवसांत एखादं छोटं गुन्ह्याचं कोडं छापलेलं असतं आणि न्याहारी करता करता माणसं खुनी शोधतात. उन्नीने सगळ्या गावाला सांगून ठेवलं: गुरुवारी आठ वाजता, पहिल्याच भागात, मी आहे, नीट बघा. फेरीबोटीवरच्या जुन्या मैत्रिणींना फोन केले. बेर्गनच्या बहिणीला दोनदा केला.

एका माणसाला सांगायचं राहिलं. ओस्मुंड दोन वर्षांपासून गावाबाहेरच्या वृद्धनिवासात होता. तो कधी उन्नीला नावाने हाक मारायचा, कधी तिला आपली आई समजायचा, कधी नुसताच हसायचा. त्याला काय कळणार, असं तिला वाटलं. आणि वृद्धनिवासातही ईस्टर असतो, तिथल्या दिवाणखान्यातही आठ वाजता टीव्ही लागतो, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

शुक्रवारी सकाळी ती दुकानात गेली तर हाल्डिस ओरडली, "बाजूला व्हा रे, मेलेली बाई अंडी घ्यायला आलीय!"

"मेलेलीला सूट मिळते का?"

"तुला कसली सूट? चांगली दोन मिनिटं पडून होतीस. माझा नवरा म्हणाला, जिवंतपणी एवढी शांत कधी बघितली नव्हती हिला."

उन्नी हसत हसतच घरी आली. दुपारी बर्फ भुरभुरायला लागला म्हणून तिने खुंटीवरचा फेरीबोटीचा जुना कोट घातला. गडद निळा, दोन ओळी पितळी बटणांचा. पिशवीत कॉफीचा थर्मास आणि चार संत्री टाकली आणि नेहमीप्रमाणे दोन वाजता ती वृद्धनिवासात पोचली.

ओस्मुंड खोलीत खिडकीपाशी उभा होता. अंगात काळा कोट, पांढरा सदरा, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. तो वळला, दोन पावलं पुढे आला आणि त्याने तिचा हात हातात घेतला.

"आलात, बरं वाटलं," तो म्हणाला. "तुम्ही ओळखत होतात का माझ्या बायकोला?"

चाळीसहून जास्त वर्षांत त्याने तिला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

"अरे ओस्मुंड, मीच आहे. उन्नी."

त्याने हात सोडला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "असं बोलू नका," तो हळूच म्हणाला. "मी बघितलंय तिला. पोलीस वाकून बघत होता. तिचे ओठ निळे पडले होते."

मागून त्रिने आली. त्या मजल्यावरची सगळी कामं तीच बघायची. ती रडवेली झाली होती. "उन्नी, माझी चूक झाली हो. सगळे बघत होते, मी कॉफी ओतत होते. एकदम हे उठून उभे राहिले. मी म्हटलं, अहो ते नाटक आहे, तर म्हणाले, हे होडीघर मी बांधलंय, मला शिकवू नका. रात्रीपासून पोटात घास नाही."

"माझीच चूक आहे," उन्नी म्हणाली. "सगळ्यांना सांगितलं. त्याला नाही."

तिने संत्रं सोललं, फोडी बशीत मांडल्या. ओस्मुंडने बशीकडे पाहिलंच नाही. तो तिच्या बटणांकडे बघत होता.

"तुम्ही पोलिसातल्या," तो म्हणाला. "मला वाटलंच होतं, येणार तुम्ही."

शनिवारी ती मुद्दाम लाल स्वेटर घालून गेली. ओस्मुंडने तिला दारातूनच परत पाठवलं. काल आलेल्या बाईंना पाठवा, मी फक्त त्यांच्याशी बोलेन, असं तो म्हणाला. त्याने पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं. डॉक्टरांनी त्रिनेला सांगितलं होतं की मंगळवारपर्यंत खाल्लं नाही तर इस्पितळात न्यावं लागेल, आणि या वयात तिथून परत येईलच याची खात्री नाही. उन्नी घरी गेली. निळा कोट घालून परत आली. दार वाजवलं.

"या," ओस्मुंड म्हणाला. "बसा, बाई. तुम्हाला ते वाऱ्याचं कोणी सांगितलं असेल ना?"

उन्नी बसली. "सांगितलंय."

"तो वारा नव्हता."

खाली स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. उन्नीने कोटाचं सर्वांत वरचं बटण चाचपलं. ते एका धाग्यावर लोंबत होतं, शिवायचं राहून गेलं होतं.

"तिला किनाऱ्यावरच्या मोठ्या जहाजावर नोकरी लागली होती," ओस्मुंड सांगू लागला. "बेर्गनपासून पार वर, रशियाच्या हद्दीपर्यंत जाणारं जहाज. पत्र आलं ते आठ दिवस तिने लपवलं होतं. मग म्हणाली, मी जाते, एक वर्षच जाते. सूटकेस आणायला होडीघराच्या माळ्यावर चढली. मी बाहेर उभा होतो, हातात होडीला लावायचा डांबराचा डबा. जहाज तीन वाजता धक्क्याला लागायचं." त्याने उजवी तर्जनी पुढे केली. "नुसतं बोट लावलं हो मी. अडसर आपोआप खाली आला. इतका गुळगुळीत घासला होता मीच."

उन्नीला तो दिवस पूर्ण आठवत होता. फळीच्या फटीतून दिसणारं फ्योर्डचं पाणी. आरशासारखं. पलीकडच्या तीरावर एका घराच्या धुराड्यातून सरळ वर गेलेला धूर, जणू दोरी टांगली होती. तीन वाजता जहाजाचा भोंगा तिने आतून ऐकला. मग तो दुसऱ्यांदा झाला, लांबून. आठ वाजता ओस्मुंडने दार उघडलं. तो म्हणाला, वाऱ्यानं पडला असेल गं. आणि ती म्हणाली, असेल.

ती जहाजावर गेली नाही. पुढच्या जहाजाने जाता आलं असतं, पण गेली नाही. मे महिन्यात ती फेरीबोटीवर तिकिटं फाडायला लागली. या तीरावरून त्या तीरावर, अठरा मिनिटं, दिवसातून चौदा वेळा, पूल होईपर्यंत. मूलबाळ झालं नाही. ओस्मुंड चांगला नवरा होता. दर हिवाळ्यात तिच्या बुटांना आतून लोकर लावून द्यायचा. डेकवर तिला कोणी विचारलं की कंटाळा येत नाही का, तर ती म्हणायची, पाणी रोज वेगळं असतं. आणि होडीघराच्या बाजूने बोट जायची तेव्हा ती तिकिटांकडे बघायची.

"सोमवारी शेवटचा भाग आहे," ओस्मुंड म्हणाला. "त्यात कळेल सगळ्यांना. मग तुम्ही मला न्याल. न्यायच्या आधी जेवणं बरं दिसत नाही."

सोमवारी आठ वाजता दिवाणखान्यात सगळे जमले. बाहेर अजून उजेड होता. उन्नी ओस्मुंडच्या शेजारच्या खुर्चीत बसली, कोट अंगातच. पडद्यावर विग्दाल धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेला, कॉलर वर केली, आणि मेलेल्या बाईच्या मेहुण्याला म्हणाला की खेळ संपला. मेहुणा रडला. जमिनीच्या वाटणीवरून झालं होतं सगळं.

"मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, मेहुणा," समोरची एक म्हातारी म्हणाली.

"पहिल्या दिवशी तुम्ही म्हणत होतात, पाद्री."

"पाद्री आणि मेहुणा!"

ओस्मुंड खुर्चीचे हात धरून उठला. "हा नाही तो," तो मोठ्याने म्हणाला. "सोडा त्याला. निरपराध आहे तो." त्रिने धावली. उन्नीने तिला हातानेच थांबवलं, ओस्मुंडला दंडाला धरून खोलीत आणलं आणि खाटेवर बसवलं.

वारा होता, असं म्हणता आलं असतं. कोटाच्या जोरावर तेही त्याने ऐकलं असतं. तपासात निष्पन्न झालं, वाऱ्याचं काम होतं, तुम्ही जेवा. दोन दिवस ती हेच वाक्य मनात घोळवत होती. तोंडाशी आलं, आणि तिला धुराड्यातून सरळ वर जाणारा तो धूर दिसला.

तिने पिशवीत हात घातला. एकच कागद सापडला, चित्रीकरणाच्या दिवशी दिलेला. त्यावर वेळ होती, सकाळी सातची, आणि खाली तिचं काम लिहिलं होतं: मृत स्त्री. तिने तो उलटा केला.

"तुमचा जबाब घ्यायचाय," ती म्हणाली. "सावकाश सांगा."

त्याने सांगितलं. पत्र, सूटकेस, डांबराचा डबा, अडसराला लावलेलं बोट. तिने प्रत्येक शब्द लिहिला. तिकिटांवर तारखा घालून घालून तिचं अक्षर बारीक आणि सरळ झालं होतं.

"दुसऱ्या माणसाला सोडतील ना?" त्याने विचारलं.

"सोडतील."

"एक विचारू, बाई? तिनं हाक मारली होती का?"

उन्नीने पेन थांबवलं. "दोनदा," ती म्हणाली. "तुमच्याच नावानं. मग नाही मारली."

"मी ऐकली होती," ओस्मुंड म्हणाला. "दारापाशीच उभा होतो मी. भोंगा होईपर्यंत." थोड्या वेळाने तो म्हणाला, "तिला माहीत होतं का हो? वारा नव्हता ते?"

खिडकीबाहेरच्या बर्फावर दिवाणखान्यातला पिवळा उजेड पडला होता. कोणीतरी टीव्ही बंद केला.

"होतं," उन्नी म्हणाली.

मग त्याने हात पुढे केला. तिने कागद खाटेजवळच्या एका पुस्तकावर ठेवून पेनासकट त्याला दिला. त्याने सही केली, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. सहीच्या वर बोटभर जागा उरली होती. तिथे उन्नीने आणखी एक ओळ लिहिली: त्या दिवशी हवा पूर्ण शांत होती. ती ओळ तिने त्याला वाचून दाखवली. त्याने मान हलवली.

"आता मला नेणार?"

"नाही. तुम्ही इथेच राहायचं. मी रोज दोन वाजता येऊन बघून जाईन."

"रोज?"

"रोज. आणि जेवायचं. तसा नियमच आहे."

त्रिनेने आणलेलं सूप त्याने अर्धं प्यायलं. मग बशीतल्या संत्र्याच्या दोन फोडी खाल्ल्या. फोडी वाळून त्यांच्या कडा कडक झाल्या होत्या. उन्नीने कागदाच्या चार घड्या घालून तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. ती दारापर्यंत गेली तेव्हा मागून आवाज आला.

"बाई, दार उघडंच राहू द्या."

तिने राहू दिलं.

मंगळवारी सकाळी बर्फ वितळून छपरांवरून पाणी गळत होतं. ऊन इतकं कडक पडलं होतं की हाल्डिसने दुकानाच्या पायरीवर खुर्ची मांडली होती. दीड वाजता उन्नी आरशासमोर उभी राहिली. लोंबणारं बटण तिने सकाळीच पक्कं शिवून टाकलं होतं. तिने निळा कोट अंगात घातला, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली, आणि थर्मास घेऊन निघाली.

"एवढ्या उन्हात कोट?" हाल्डिसने हाक मारून विचारलं. "मेलेल्यांना थंडी वाजते काय गं?"

"वाजते," उन्नी म्हणाली, आणि चालत राहिली.