बांधावरचा खोकला

तिचं नाव मी विचारलं नाही. टोकावड्याजवळ आमच्या डोंगरातल्या झाडांना पाखरांचे आवाज टिपणारी यंत्रं बांधायला ती आली होती. यंत्राजवळ जाताना चपला काढायची, पाचोळा वाजू नये म्हणून पाऊल अलगद टेकवायची. बोलता बोलता मधेच बोट वर करून ऐकत राहायची.

एका सकाळी लॅपटॉप घेऊन अंगणात आली.

"काका, संगणकानं नवीनच पक्षी शोधलाय. रोज तिन्हीसांजेला तुमच्या लांबच्या बांधावर ओरडतो."

तिनं आवाज लावला. तो माझा खोकला होता.

ती हसली. मला हसता येईना.

"रोज तिथं कशाला बसता हो?"

कोणालाच न सांगितलेलं तिला सांगितलं. "भाताच्या रोपांसाठी राब भाजताना आग माझ्या हातून सुटली गो. सगळा उतार जळला. गावाला बोललो, कोणाच्या बिडीनं लागली असंल. रातवा पाखरू भुईवर अंडी घालतं, तीबी जळली. तवापासून त्याचा आवाजच नाय. येतो का ऐकायला बसतो."

तिनं तोच आवाज पुढे सरकवला. पडद्यावर बारीक उभ्या रेघा उमटल्या. चक् चक् चक् चक्.

"हा तुमचा रातवा. तुम्ही खोकलात की गप्प बसतो, घरी गेलात की सुरू होतो."

दुपारी टपरीवर चारचौघांत आगीचं खरं सांगून टाकलं. संध्याकाळी बांधावर गेलो नाही. अंगणातच बसलो आणि पोटभर खोकलो.