आमचं, मग मशीद

चिलटवाले सर सकाळी आधी चिलटांना गुड मॉर्निंग म्हणत, मग मला. बहरीनच्या शाळेत ते जीवशास्त्र शिकवायचे, मी रसायन, प्रयोगशाळा एकच. बाजाराच्या तोंडाशी असलेल्या बाब अल बहरीन वेशीजवळचा फळवाला त्यांच्यासाठी काळी पडलेली केळी राखून ठेवी. ती बाटल्यांत, त्यावर चिलटं, तोंडाला कापसाचा बोळा. माझ्या पोळीवर एखादं बसलं की म्हणत, "मारू नका बाई, चौथ्या बाटलीतलं आहे ते." जणू सोयरिकीतलंच!

नव्वदीची ती वर्षं. परदेशात चिलटांच्या स्मरणशक्तीवर संशोधन चाललं होतं आणि सर त्यावरच्या लेखांच्या झेरॉक्स मागवत. एखाद्या वासाबरोबर विजेचा हलका झटका दिला, की चिलट तो वास टाळायला शिकतं. पण एखादं जनुक बिघडलेलं असलं, तर शिकलेलं लवकरच पुसून जातं. सरांच्या अब्बांचं पन्नाशीत तसंच झालं होतं, मग थोरल्या भावाचं. सरांना एकोणपन्नासावं लागलं होतं. "मीही त्याच बाटलीतला, बाई."

मला राग यायचा. "माशीचं माणसाला कशाला लावता?"

"लागू नये म्हणूनच वाचतोय." कुठल्यातरी पानावर उपाय सापडेल म्हणून तो माणूस जिवाच्या आकांताने वाचत होता.

रोज बाटल्यांपुढे उभे राहून ते रत्नागिरीकडच्या आपल्या मोहल्ल्यातली घरं ओळीने म्हणत. "काझींचं, मुकादमांचं, परकारांचं, आमचं, मग मशीद." मला बजावलेलं, "चुकलो तर सांगा. गप्प राहू नका." ऐकून ऐकून मलाही घरं पाठ झाली.

मग बोळे उघडे राहू लागले. स्टाफरूमच्या चहात चिलटं सापडली, सर मुलांवर ओरडले. बोळा कोणी काढला ते मी पाहिलं होतं. एका सकाळी ते म्हणाले, "परकारांचं, मग मशीद," आणि माझ्याकडे पाहिलं.

"बरोबर, सर," मी म्हणाले. त्या खोटेपणाची मला आजही लाज वाटते.

एकच धडा त्यांनी तीन दिवस शिकवला, तेव्हा शाळेने त्यांना घरी पाठवायचं ठरवलं. गावाहून पुतण्या न्यायला आला होता, मी विमानतळावर सोडायला गेले. आज खरं सांगायचंच, असं मी ठरवलं होतं. सरांनी स्वतःच सुरुवात केली. "काझींचं, मुकादमांचं, परकारांचं, मग मशीद."

"मध्ये एक राहिलं, सर."

"कुणाचं?"

"आमचं," मी त्यांच्याच चालीत म्हणाले.

त्यांचा चेहरा उजळला. "तुमचं? अहो, म्हणजे तुम्ही आमच्या मोहल्ल्यातल्याच की! इतके दिवस बोलला नाहीत, बाई?"

"हो सर," मी म्हणाले. "बोलायला हवं होतं."